शेततळ्यात सापडलेलं मऊ पाठीचं कासव ‘लीथ’चं आहे का?

सडाफुली (धागाकर्ती)

मे महिन्यात तळ्यांचा गाळ उपसायला घेतला, मागोमाग मृगाच्या सरी आल्या, की कोकणात व्हॉट्सॅपवर कासवांचे फोटो फिरू लागतात. यंदा आमच्या संगमेश्वर तालुक्यातल्या एका ग्रुपवर असाच फोटो आला. टोपलीत ठेवलेलं, शेवाळी रंगाचं, मऊ पाठीचं कासव. खाली मजकूर: ‘अतिदुर्मिळ लीथचे कासव. उद्या गाडीने कोयना धरणात सोडणार.’

लीथचं कासव ही दख्खनच्या मोठ्या नद्यांमधली मऊ पाठीची जात. हे ते नव्हतं. फोन करून सगळ्यांशी बोलणं झालं आणि कासव त्याच वाडीच्या तळ्यात परत गेलं. पण हा गोंधळ दरवर्षी होतो. चुकीचं नाव लागलं की जनावर चुकीच्या नदीत जातं, म्हणून हा धागा.

आधी मऊ पाठीचं म्हणजे काय ते. या कासवांच्या पाठीवर खवल्यांचे चौकोन नसतात. हाडाची ढाल आत असते आणि वरून कातडी. नाक सोंडेसारखं पुढे निघालेलं असतं, त्यामुळे अंग पाण्याखाली ठेवून नुसतं नाकाचं टोक बाहेर काढून श्वास घेता येतो. पायाला बोटं पाच, पण नख्या तीनच. ही तीन नख्यांची खूण सगळ्या मऊ पाठीच्या कासवांत सारखी आहे. आपल्याकडच्या विहिरीत आणि पऱ्यात दिसणारं काळं कासव कठीण पाठीचं, ते या घराण्यातलं नव्हे.

आता मुद्दा. कोकणात शेतात, तळ्यात, पाटात जे मऊ पाठीचं कासव सापडतं ते जवळजवळ नेहमी झडपांचं कासव असतं, शास्त्रीय नाव लिसेमिस पंक्टाटा. त्याच्या पोटाच्या मागच्या बाजूला कातडीच्या दोन झडपा असतात, उजवी-डावी. घाबरलं की मागचे पाय आत ओढून झडपा लावून घेतं. पोटाची पुढची बाजूही वर उचलून डोकं आणि पुढचे पाय झाकतं. लीथच्या कासवाला या झडपा नसतातच. ते पाय आखडून घेतं, पण मागून बघितलं तर पाय उघडे दिसतात. बाकी कुठलीही खूण वयाप्रमाणे, पाण्याप्रमाणे, उजेडाप्रमाणे फसवू शकते. झडप फसवत नाही.

लीथचं कासव (निल्सोनिया लीथाय) हे दख्खनच्या मोठ्या नद्यांचं रहिवासी. गोदावरी, कृष्णा, कावेरी, त्यांच्या उपनद्या आणि धरणांचे जलाशय. १८७२ साली ग्रे यांनी त्याचं वर्णन केलं ते पुण्याच्या नमुन्यावरून, आणि नाव दिलं मुंबईतल्या डॉ. लीथ यांचं. म्हणजे हे कासव शास्त्राच्या पुस्तकात आलं तेच मुळी महाराष्ट्रातून. आणि आज आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या लाल यादीत (धोक्यातल्या जातींची यादी) ते ‘अतिसंकटग्रस्त’ आहे, म्हणजे निसर्गातून कायमचं नाहीसं होण्याच्या अलीकडची शेवटची पायरी. २०२१ च्या आधी ते ‘असुरक्षित’ गटात होतं. मधली एक पायरी ओलांडून खाली गेलं.

त्याच्या खुणा अशा. पाठ लंबगोल, खूप चपटी, कडेची कातडी रुंद आणि लवचीक. रंग शेवाळी हिरवा. पिलाच्या पाठीवर डोळ्यासारखे चार ठिपके, गडद मध्य आणि भोवती फिकं कडं. कधी चाराहून जास्तही असतात. कासव वाढतं तसे ते पुसट होत जातात, मोठ्या मादीच्या पाठीवर शोधूनही सापडत नाहीत. डोकं हिरवट, त्यावर दोन डोळ्यांच्या मधून मानेकडे जाणारी काळी उभी रेष आणि तिच्यातून तिरक्या फुटलेल्या दोन-तीन जोड्या. आकाराने पाठ साठ सेंटिमीटरच्या पुढेही जाते. झडपांचं कासव एवढं कधीच होत नाही, त्याची पाठ साधारण वीत-दीड वीत.

तुमच्याकडे फोटो असतील तर टाका. पाठ, डोकं वरून, डोकं बाजूने आणि शक्य असेल तर मागचे पाय. टोपलीतला नुसता वरून काढलेला फोटो पुरत नाही.

पऱ्याकाठचा

उत्तम धागा. एक शंका. गेल्या पावसाळ्यात लांज्याजवळ भाताच्या खाचरात एक तळहाताएवढं कासव दिसलं. डोक्यावर काळ्या रेषा स्पष्ट होत्या. तुम्ही लीथच्या वर्णनात रेषा लिहिल्या आहेत. माझ्या फोटोत पोट नाही. मग हे कुठलं?

सडाफुली

@पऱ्याकाठचा, बरं झालं विचारलंत, कारण इथेच सगळ्यात जास्त लोक अडकतात. डोक्यावरच्या रेषा झडपांच्या कासवालाही असतात, विशेषतः लहान वयात. १८५४ मध्ये पीटर्स यांनी ‘एमिडा विटाटा’ म्हणून ज्या कासवाचं वर्णन केलं ते गोव्याचं होतं, आणि ते आता झडपांच्या कासवाचीच उपजात मानतात. गोवा म्हणजे आपलंच पाणी. त्यामुळे रेषा दिसल्या म्हणून लीथ, हे समीकरण कोकणात तरी सोडून द्या.

तुमच्या फोटोत पाठीकडे बघा. लीथचं एवढं लहान पिलू असतं तर चार डोळे ठळक दिसायलाच हवे होते. तुमच्या फोटोत पाठ एकसारखी आहे आणि मध्ये चांगली फुगीर आहे. शिवाय जागा भाताचं खाचर. लीथ वाहत्या मोठ्या पाण्याचं, खाचरात ते काय करणार? हे झडपांचंच.

उत्तर भारतातल्या फोटोंशीही ताडून बघू नका. गंगेच्या खोऱ्यातल्या झडपांच्या कासवाला डोक्यावर आणि पाठीवर पिवळे ठिपके असतात. नेटवर शोधलं की तेच फोटो आधी येतात आणि मग आपल्याकडचं बिनठिपक्यांचं कासव लोकांना ‘वेगळं, दुर्मिळ’ वाटतं.

मालवणी_झील

आमच्या कुडाळाकडे पयलो पाऊस पडलो, व्हाळाक पानी इला, की ही कासवां मळ्यात येतत. चढणीचे मासे धरूक गेलेल्यांच्या जाळ्यात गावतत. आमचो आजो सांगी, कासव विष्णूचो अवतार, तेका मारूचा नाय. पन सगळेच तसे नाय. काय जण खातत, ता खोटा कित्याक बोला?

माका इचारूचा होता, उन्हाळ्यात तळी सुकतत तेव्हा ही खय जातत? गाळ काढताना हातभर खोल जित्ती गावतत.

सडाफुली

@मालवणी_झील, ती तिथेच असतात. तळं आटायला लागलं की झडपांचं कासव ओल्या चिखलात स्वतःला पुरून घेतं आणि पाऊस येईपर्यंत जवळजवळ हालचाल न करता पडून राहतं. त्यासाठीच त्या झडपा उपयोगी पडतात, पाय आणि डोकं आत, सगळं बंद. पाणी फारच दूर गेलं तर रात्री जमिनीवरून चालत दुसरं तळंही गाठतं.

म्हणून जेसीबीने गाळ काढतात तेव्हा कासवं बादलीत चिरडतात. हे मला फार लागतं, कारण यात कोणाचा वाईट हेतू नसतो. तळं एकदम पूर्ण न उपसता एक कोपरा पुढच्या वर्षासाठी ठेवला आणि काढलेला गाळ काठावर पसरून रात्रभर तसाच राहू दिला, तर बरीचशी जिवंत निघून जातात. ग्रामपंचायतीने ठेका देतानाच हे लिहून घ्यावं.

कृष्णाकाठ

मी घाटावरचा, कराडच्या खालच्या बाजूचा. कोकणातल्या धाग्यावर लिहितोय कारण लीथचं नाव निघालं.

आमचे चुलते मासेमारी करायचे. ते सांगतात की पूर्वी नदी उतरल्यावर वाळूच्या बेटांवर परातीएवढी कासवं उन्हाला पडलेली असायची. आमच्या पिढीला ती दिसत नाहीत. कारण शोधायला लांब जावं लागत नाही. वाळू गेली. हे कासव काठाच्या मऊ जमिनीत अंडी घालतं. वाळू उपसून काठ तुटला, खाली खडक आणि चिखल उरला, तर मादीने घालायची कुठे? दुसरं म्हणजे जाळं. ही कासवं फुप्फुसाने श्वास घेणारी. घशाच्या आणि कातडीच्या आधाराने पाण्याखाली बराच वेळ तग धरतात, पण जाळ्यात अडकून रात्रभर राहिली की गुदमरतात. तिसरं म्हणजे मांस. आणि चौथं, ज्याबद्दल कोणी बोलत नाही, बॅटरीचा करंट सोडून आणि ब्लीचिंग पावडर टाकून मासे मारणं. त्यात लहानमोठं काहीच वाचत नाही.

२०२२ च्या नोव्हेंबरमध्ये पनामाला साइटिसची, म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराची बैठक झाली. तिथे भारताने प्रस्ताव मांडला आणि लीथचं कासव दुसऱ्या परिशिष्टातून पहिल्या परिशिष्टात गेलं, म्हणजे त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार पूर्ण बंद. गेल्या तीस वर्षांत त्याची संख्या नव्वद टक्क्यांनी घटली असावी, असा अंदाज तेव्हा पुढे आला होता. चुलत्यांचं बोलणं आणि हा आकडा मला एकमेकांपासून लांब वाटत नाहीत.

चिपळूणकरीण

कोयनेचं नाव आलं म्हणून विचारते. कोयना कृष्णेची उपनदी. तिचं पाणी बोगद्याने सह्याद्री ओलांडून पोफळीला उतरतं, तिथून कोळकेवाडीला आणि मग आमच्या वाशिष्ठीत. मग कृष्णेच्या खोऱ्यातलं कासव या वाटेने इकडे येणार नाही का?

सडाफुली

@चिपळूणकरीण, प्रश्न छान आहे. पाणी शेकडो मीटर खाली कोसळतं आणि वाटेत टर्बाइनच्या पात्यांतून जातं. मोठं कासव तर आधी जाळीलाच अडेल आणि जाळीतून आत गेलेलं पिलू त्या दाबातून धडपणे बाहेर येणार नाही. वाशिष्ठीत लीथ दिसलंच तर ते माणसाने आणलेलं असण्याची शक्यता मी आधी धरेन.

आणि माणसं आणतात. वास्तूसाठी, काचेच्या टाकीसाठी, नवसाचं म्हणून देवळाच्या तळीत सोडायला. म्हणून मला ती ‘कोयनेत सोडणार’वाली गाडी थांबवणं महत्त्वाचं वाटलं. इकडचं कासव तिकडे नेलं की त्याच्या अंगावरचे जंतू आणि जळवा तिकडे जातात, स्थानिक उपजातींची सरमिसळ होते, आणि त्या कासवाला नवं पाणी, नवा काठ काहीच ओळखीचं नसतं. जिथे सापडलं तिथेच, किंवा तिथून सगळ्यात जवळच्या सुरक्षित पाण्यात. धरणात नाही, खाडीत तर अजिबात नाही. समुद्रावर नेऊन सोडणारेही मी पाहिले आहेत. वेळासच्या किनाऱ्यावरची ऑलिव्ह रिडले ही समुद्री कासवं पाहून आलेल्यांना वाटतं की कासव म्हणजे समुद्र. रिडलेच्या पायांची वल्ही झालेली असतात. याला नख्या आणि बोटांमधले पडदे आहेत, हे गोड्या पाण्याचं.

वेळासला_जाणारा

+१. वेळासचं नाव आलं म्हणून थोडं अवांतर. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून तिथे गावकऱ्यांना बरोबर घेऊन घरट्यांची राखण सुरू केली. ज्या किनाऱ्यावर अंडी उचलली जायची तिथे आज लोक पिलं समुद्रात जाताना बघायला मुक्काम करतात. आणि गोड्या पाण्याचं उदाहरणही आपल्याकडे आहेच. महाडजवळ सावित्रीच्या वाळण कोंडीत वरदायिनीच्या नावाने मासा धरत नाहीत, तिथे महसीर सुखाने पोहतात. असे देवाचे राखलेले डोह कोकणात आणखीही आहेत. कासवासाठी नवीन काही उभारण्याआधी हे डोह राखले तरी पुष्कळ होईल.

आंबोळीचा_तवा

माझ्या माहेरी औषध म्हणून याचं मांस खातात. सासूबाईंच्या ओळखीत एकांनी दम्यासाठी मागितलं होतं. काय सांगायचं अशा माणसाला? रागावून उपयोग नसतो.

सडाफुली

@आंबोळीचा_तवा, ताई, रागावू नकाच. दम्यावर कासवाच्या मांसाचा उपयोग होतो याला कुठलाही आधार नाही, आणि दम्याला आज चांगली औषधं आहेत, तालुक्याच्या दवाखान्यातही मिळतात. माणूस श्वासासाठी तळमळत असतो, त्याला आधी डॉक्टरांकडे न्यावं, कासवाची गोष्ट नंतर.

मग हेही सांगा की हे कासव बेडूक, गोगलगायी, मासे, पाणवनस्पती खातं आणि तळ्यात मेलेलं जनावरही खातं. पाणी स्वच्छ ठेवायचं काम ते फुकट करतं.

न्याय_लांजा

कायद्याची बाजू थोडक्यात. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ मध्ये २०२२ साली दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. झडपांचं कासव आणि लीथचं कासव, दोन्ही पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघ ज्या यादीत आहे तीच यादी. मारणं, विकणं, घरात पाळणं, सगळं गुन्हा. शिक्षा तीन ते सात वर्षं कैद आणि कमीत कमी पंचवीस हजार रुपये दंड.

‘आम्हाला माहीत नव्हतं’ हे कोर्टात चालत नाही. त्यामुळे जात ओळखता आली नाही तरी वागणं एकच ठेवा. मऊ पाठीचं दिसलं की हात लावण्याआधी वनविभागाला कळवा. हेल्पलाइन १९२६.

पऱ्याकाठचा

@न्याय_लांजा, म्हणजे लीथ असो की झडपांचं, कायद्याला फरक पडत नसेल तर एवढी ओळख कशाला?

कृष्णाकाठ

@पऱ्याकाठचा, कायद्याला पडत नाही, नदीला पडतो. लीथ खरंच कुठे उरलं आहे हे कळण्यासाठी प्रत्येक खरी नोंद हवी. तुम्ही झडपांच्या कासवाला लीथ म्हणून नोंदवलंत तर कागदावर लीथ कोकणभर पसरलेलं दिसेल आणि आमच्याकडच्या डोहासाठी कोणी उठणार नाही. उलटही घडतं. आमच्याकडे खरं लीथ जाळ्यात येतं आणि लोक ‘ते नेहमीचंच’ म्हणून सोडून देतात, किंवा देत नाहीत.

सडाफुली

@कृष्णाकाठ यांनी माझ्या मनातलं लिहिलं. मी एवढंच जोडेन की ‘नेहमीचं’ झडपांचं कासवही आता नेहमीचं राहिलेलं नाही. लाल यादीत तेही ‘असुरक्षित’ झालं आहे. डिसेंबर २०१६ ते जानेवारी २०१७ या काळात ‘सेव्ह कूर्म’ या कासवतस्करीविरोधी मोहिमेत १५,७३९ जिवंत कासवं तस्करांच्या ताब्यातून सोडवली गेली. कोकणातलं तळं त्या बाजारापासून लांब आहे हे आपलं नशीब.

केरळातलं एक उदाहरण मला रोज आठवतं. कासरगोडच्या चंद्रगिरी नदीत कॅंटरचं महाकाय मऊ पाठीचं कासव आहे, रुंद चपटं डोकं, सोंड अगदी आखूड, डोळे जवळजवळ नाकाच्या टोकाशी, दिवसाचा बहुतेक वेळ वाळूत पुरलेलं. तेही अतिसंकटग्रस्त. अभ्यासकांनी काठावरच्या लोकांना विचारत विचारत त्याचा माग काढला. कोणी कधी, कुठे पाहिलं हे लोकांनी सांगितलं म्हणूनच तिथे घरटं सापडलं, पुरात बुडणारी अंडी वाचवता आली. पश्चिमवाहिनी नदी, आपल्यासारखीच.

सर्पमित्र_गुहागर

हाताळण्याबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. मऊ पाठीच्या कासवाची मान दिसते त्यापेक्षा खूप लांब असते, ती पाठीवरून मागे वळते आणि चावा जोरदार असतो. शेपटीने किंवा कडेच्या कातडीने उचलू नका, कातडी फाटते. रस्त्यात असेल तर मागच्या पायांच्या पुढे दोन्ही बाजूंनी धरून, जमिनीपासून कमी उंचीवर, ज्या दिशेने चाललं होतं त्याच दिशेला पलीकडे ठेवा. जखमी असेल तर ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवा, पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवू नका, अशक्त कासव बादलीत बुडून मरतं. फोटोसाठी उलटं करून ठेवणं टाळा. मागच्या पायाची झडप बघायला ते जमिनीवर असताना मागून वाकून बघितलं तरी कळतं.

आणि एक विनंती. देवळाच्या तळीत लाल कानाची विदेशी कासवं सोडू नका. डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं ते छोटं हिरवं कासव, दुकानात मिळतं. मोठं झालं की लोकांना नकोसं होतं आणि तळीत जातं. तिथलं अन्न आणि उन्हाच्या जागा तेच बळकावतं.

मालवणी_झील

@सर्पमित्र_गुहागर, आमच्या मेरेर माती खणताना गोल पांढरी अंडी गावली, लिंबवापेक्षा बारकी. सापाची म्हणान पोरां फोडूक निघाली होती, मी थांबवलंय. कासवाची असतीत?

सडाफुली

@मालवणी_झील, गोल आणि टणक कवचाची असतील तर कासवाची असण्याची शक्यता बरीच. सापाची अंडी लांबट आणि कातडीसारखी मऊ असतात. झडपांचं कासव एका वेळी दोनापासून चौदापर्यंत अंडी घालतं आणि ती उबायला कित्येक महिने लागतात, म्हणून लगेच काही हललं नाही तर खराब झाली समजू नका. उचलून घरी नेऊ नका, आणि फिरवू तर मुळीच नका, वरची बाजू वरच राहिली पाहिजे. होती तशीच माती हलक्या हाताने परत लोटा, वर काटेरी फांद्या ठेवा म्हणजे कुत्री आणि मुंगूस उकरणार नाहीत. मेरेचा तेवढा तुकडा यंदा खणू नका. वनरक्षकाला जागा दाखवून ठेवा, आणि फांद्या ठेवल्यावर एक फोटो इथे टाका.